फाईलमधले निर्देशक बरोबर, तरी आकृती चुकीची का येते?

फाईलमध्ये चार ओळी आहेत, प्रत्येक ओळीत दोन आकडे, म्हणजे एका बिंदूचे एक्स आणि वाय. आलेख कागदावर मांडून पाहिले तर नीट आयत होतो. प्रोग्राम चालवला की मात्र कॅनव्हासच्या, म्हणजे चित्र काढायच्या चौकटीच्या, वरच्या कडेला चिकटलेली एक आडवी रेघ दिसते. एरर नाही, इशाराही नाही. मग आपण रेघ काढणाऱ्या कोडमध्ये शिरतो, तिथे तासभर घालवतो, आणि दोष तिथे नसतोच.

ही तक्रार वेगवेगळ्या रूपांत माझ्याकडे इतक्या वेळा आली आहे की आता बिघडलेले चित्र पाहिले की दोष कुठे असेल याचा अंदाज बांधता येतो. वरच्या कडेला चिकटलेली रेघ म्हणजे बहुतेक वेळा दोन आकड्यांच्या मध्ये एकाऐवजी दोन स्पेस. फाईल अशी असते (इथे अंक देवनागरीत लिहिले आहेत, फाईलमध्ये ते इंग्रजी असतात):

१२०  ८०
३६०  ८०
३६०  २४०
१२०  २४०

आकडे एकाखाली एक नीट दिसावेत म्हणून कुणीतरी प्रेमाने एक स्पेस जास्त दिलेली असते. जावास्क्रिप्टमध्ये ओळीचे तुकडे करणाऱ्या स्प्लिटला एक स्पेस देऊन पहिली ओळ तोडली की दोन नाही, तीन तुकडे पडतात: १२०, मग रिकामी स्ट्रिंग म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर, मग ८०. रिकाम्या स्ट्रिंगला नंबर हे फंक्शन लावले की उत्तर शून्य येते. आपण पहिला तुकडा एक्स आणि दुसरा वाय म्हणून घेतो, म्हणजे बिंदू झाला (१२०, ०). चारही ओळींचे हेच होते. सगळे वाय शून्य, आणि कॅनव्हासवर शून्य म्हणजे वरची कड. खरा वाय तिसऱ्या तुकड्यात तसाच पडून राहिला, त्याच्याकडे कुणी पाहिलेच नाही.

हीच चूक पायथनमध्ये केली तर प्रोग्राम तिथल्या तिथे थांबतो, कारण रिकाम्या स्ट्रिंगची संख्या करायला फ्लोट साफ नकार देतो. नवशिक्यांना ती लाल अक्षरे नकोशी वाटतात. मला विचाराल तर तो उपकार आहे, कारण दोष जिथे आहे तिथेच कळतो. जावास्क्रिप्टचा कॅनव्हास याच्या अगदी उलट वागतो. रेघ ओढणाऱ्या लाइन-टू ला दिलेल्या दोन आकड्यांपैकी एक जरी ‘नॅन’ असला, म्हणजे संख्याच नसला, तरी तो कॉल मुकाट्याने सोडून दिला जातो. पंचकोनाचा चौकोन होतो आणि कन्सोल, म्हणजे एरर दिसण्याची जागा, स्वच्छ राहतो.

म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात ठाम सल्ला असा: फाईल वाचणे आणि चित्र काढणे ही दोन कामे एकाच लूपमध्ये करू नका. आधी सगळे बिंदू एका यादीत आणा, तिथे थांबा, यादी डोळ्यांनी बघा, आणि मगच रेघेला हात घाला. वाचण्याचा भाग साधारण असा असावा, भाषा कुठलीही असो:

ओळ वाचा
    दोन्ही टोकांची मोकळी जागा काढा
    ओळ रिकामी असेल किंवा # ने सुरू होत असेल तर पुढच्या ओळीवर जा
    कॉमाच्या जागी स्पेस घाला
    मोकळ्या जागेवर तुकडे करा, सलग कितीही स्पेस असोत
    तुकडे बरोबर दोन नसतील तर ओळीचा क्रमांक आणि ओळ छापून थांबा
    दोन्ही तुकड्यांच्या संख्या करा
    यादीत घाला

पायथनमध्ये स्प्लिटच्या कंसात काहीही न लिहिता ते वापरले की स्पेस, टॅब, सलग दहा स्पेस, सगळे एकच अंतर धरले जाते. जावास्क्रिप्टमध्ये तेच काम टोकांची मोकळी जागा काढणारे ट्रिम आणि एक छोटी रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातला नमुना शोधणारी खूण) मिळून करतात. तुकडे मोजण्याची ओळ मात्र कुणी गाळू नये. दशांश चिन्ह म्हणून कॉमा वापरणाऱ्या संगणकावर फाईल बनली असेल, तर ‘१२,५ ८,०’ या ओळीचे चार तुकडे होतात. मोजणी नसेल तर आपण (१२, ५) हा बिंदू आनंदाने काढून मोकळे होतो.

जावास्क्रिप्टमध्ये काम करणाऱ्यांसाठी आणखी एक खड्डा दाखवतो, कारण तो वरून दिसत नाही. प्रत्येक तुकड्यावर एकच फंक्शन लावणारे मॅप चालवून त्याला मजकुराचा पूर्णांक करणारे पार्सइंट थेट दिले की पहिला आकडा नीट येतो आणि दुसरा कायम ‘नॅन’. मॅप प्रत्येक तुकड्यासोबत त्याचा क्रमांकही पाठवतो, आणि पार्सइंट त्या क्रमांकाला संख्येचा पाया समजते (आपल्या नेहमीच्या दशमान पद्धतीचा पाया दहा). पहिल्या तुकड्याचा क्रमांक शून्य, तो चालून जातो. दुसऱ्याचा एक, आणि एक पायाची संख्यापद्धती त्याला मान्य नाही. म्हणजे प्रत्येक बिंदूचा वाय गेला आणि कॅनव्हास कोरा. पार्सइंटच्या जागी नंबर लिहा, प्रश्न मिटतो, शिवाय दशांशही कापले जात नाहीत.

यादी हातात आल्यावर काय बघायचे

सगळे बिंदू छापू नका. दोनशे ओळींत डोळा काहीच पकडत नाही. पाच आकडे पुरतात: बिंदू किती, एक्स सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा, वाय सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा. वरच्या फाईलसाठी ते ४, १२०, ३६०, ८० आणि २४० असे यायला हवेत.

आता समजा पायथनमध्ये संख्या करायचे राहून गेले आणि यादीत अजून मजकूरच आहे. तेव्हा वायचा सगळ्यात लहान २४० येतो आणि सगळ्यात मोठा ८०. उलटेच! मजकुराची तुलना शब्दकोशासारखी पहिल्या अक्षरापासून होते, आणि ८ हे २ च्या नंतर येते. सगळ्यात लहान आकडा सगळ्यात मोठ्यापेक्षा मोठा दिसला की पुढे काही शोधूच नका, फ्लोट लावायचे राहिले आहे. असा मजकूर दुपटीने मोठा करायला गेलात तर १२० चे २४० होत नाही, १२०१२० होते.

जावास्क्रिप्टमध्ये हे लक्षण जास्त फसवे आहे. तिथे मजकुराला गुणले तर तो आपोआप संख्या होतो, पण बेरीज केली तर चिकटवला जातो. त्यामुळे आकृती लहानमोठी करणे व्यवस्थित चालते, आणि ती दहा पिक्सेल उजवीकडे सरकवायला गेले की गायब होते: १२० अधिक १० म्हणजे १२०१०, स्क्रीनच्या कितीतरी बाहेर. ‘स्केल चालतो पण सरकवता येत नाही’ असे कुणी म्हणाले की मी आधी हेच विचारतो.

फक्त पहिलीच ओळ अडते तेव्हा

मोजमापाची एक फाईल माझ्या संगणकावर सुरळीत वाचली जात होती. सहकाऱ्याने तीच उघडली, एक आकडा बदलला, सेव्ह करून परत पाठवली, आणि पहिल्याच ओळीवर प्रोग्राम पडला. ज्या ओळीतला आकडा बदलला होता ती ओळ सातवी होती. पहिल्या ओळीला कुणी हातही लावला नव्हता, आणि स्क्रीनवर ती अगदी पूर्वीसारखीच दिसत होती.

फाईलच्या अगदी सुरुवातीला बीओएम नावाची तीन बाइटची अदृश्य खूण बसली होती. विंडोजच्या नोटपॅडमध्ये २०१९ च्या आधी यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केले की ती आपोआप लागायची. आजही काही प्रोग्राम ती लावतात. पायथनमध्ये टोकांची मोकळी जागा काढणारे स्ट्रिप तिला मोकळी जागा मानत नाही, म्हणून ती पहिल्या आकड्याला चिकटून राहते आणि फ्लोट तक्रार करतो. फाईल उघडताना एन्कोडिंग म्हणून ‘यूटीएफ-८-सिग’ दिले की खूण असली तर निघते आणि नसली तरी काही बिघडत नाही. जावास्क्रिप्टचे ट्रिम मात्र तिला मोकळ्या जागेतच धरते, त्यामुळे तिथे हा त्रास सहसा होत नाही. एकच फाईल एका भाषेत चालते आणि दुसरीत अडते, त्यामागे हे एक कारण असते.

अशा न दिसणाऱ्या गोष्टींसाठी साधे प्रिंट उपयोगाचे नाही. पायथनमध्ये ओळ रेप्र या फंक्शनमधून छापा, म्हणजे लपलेली अक्षरे सांकेतिक रूपात उघडी पडतात. वर्ड किंवा पीडीएफमधून चिकटवलेल्या आकड्यांत वजाचे चिन्हही तपासा. छपाईतले लांब वजा आणि कीबोर्डवरचे वजा ही दोन वेगळी अक्षरे आहेत. पहिले पाहून पायथन थांबते, जावास्क्रिप्ट ‘नॅन’ देते. देवनागरी अंकांचेही असेच: पायथनचा फ्लोट ते बिनतक्रार वाचतो, जावास्क्रिप्टचे नंबर वाचत नाही. फाईलमध्ये इंग्रजी अंकच ठेवलेले बरे.

उलटी, आडवी पडलेली, आरशातली

आकृती येते पण डोक्यावर उभी असते, याचे कारण बहुतेकांना ऐकून माहीत असते: शाळेतल्या आलेखात वाय वर वाढतो, स्क्रीनवर खाली. कॅनव्हास, पायथनमधली टीकेइंटर, पायगेम आणि पिलो, जावाचे स्विंग या चित्र काढण्याच्या सगळ्या साधनांत आरंभबिंदू डावीकडे वर असतो. पायथनच्या टर्टलमध्ये (पेन फिरवून रेघा काढणारे साधन) तो खिडकीच्या मधोमध असतो आणि वाय वर वाढतो. पायथनमध्येच आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबचा साधा आलेखही शाळेसारखाच. त्यामुळे एकच फाईल टर्टलमध्ये सरळ येते आणि टीकेइंटरमध्ये उलटी.

हे माहीत असूनही लोक फसतात, कारण चाचणी आयतावर घेतात. आयत उलटा केला तरी आयतच दिसतो. चाचणीसाठी वाकडी आकृती हवी. मी नेहमी ही सहा बिंदूंची काटकोनी आकृती वापरतो:

१००, १००
३००, १००
३००, १६०
१६०, १६०
१६०, ४००
१००, ४००

सगळे बरोबर असेल तर इंग्रजी एल अक्षर दिसते: उभा पाय लांब, आडवा आखूड, आणि आडवा पाय खाली उजवीकडे. आडवा पाय वर गेला असेल तर वायची दिशा उलटी आहे. लांब पाय आडवा पडला असेल तर एक्स आणि वायची अदलाबदल झाली आहे. दोन्ही दोष एकदम असतील तर आडवा पाय लांब आणि तो वरच्या बाजूला असे दिसते. एका नजरेत निदान होते.

दिशा उलटी असेल तर प्रत्येक वायच्या जागी ‘कॅनव्हासची उंची वजा वाय’ घाला. उंची ५०० असेल तर १०० चे ४०० होतात आणि ४०० चे १००. कॅनव्हासच उलटा करून टाकण्याचा मोह होतो, पण मग बिंदूंजवळ लिहिलेली नावेही उलटी छापली जातात. आकडेच बदललेले चांगले.

अदलाबदलीचा त्रास अक्षांश-रेखांशांच्या फाईलमध्ये सगळ्यात जास्त. बोलताना आपण अक्षांश आधी म्हणतो, आणि अक्षांश हा उत्तर-दक्षिण म्हणजे वाय आहे. जिओजेसन या नकाशाच्या माहितीच्या फाईल-प्रकाराच्या, २०१६ मध्ये आरएफसी ७९४६ म्हणून प्रसिद्ध झालेल्या नियमात रेखांश आधी आहे. फाईल कुठून आली हे विचारल्याशिवाय पहिल्या रकान्याला एक्स म्हणू नका.

एरर नाही आणि चित्रही नाही

इथे पुन्हा ते पाच आकडे काढा. एक्स ७३.८५१ ते ७३.८५४ असा असेल, तर सगळी आकृती एका पिक्सेलच्या पोटात मावली आहे. एक्स चार लाखांच्या घरात असेल, तर ती स्क्रीनच्या फार बाहेर काढली गेली आहे. दोन्हीवर इलाज एकच. एक्समधून सगळ्यात लहान एक्स वजा करा, वायमधून सगळ्यात लहान वाय. मग उपलब्ध रुंदीला एक्सच्या विस्ताराने भागा, उपलब्ध उंचीला वायच्या विस्ताराने भागा, आणि या दोन उत्तरांपैकी लहान उत्तराने दोन्ही अक्ष गुणा. दोन अक्षांना वेगवेगळे गुणक लावले की वर्तुळाचे अंडे होते. कडेला वीसेक पिक्सेल मोकळे सोडा, नाहीतर कडेवरची रेघ अर्धी कापली जाते. सगळे बिंदू एकाच उभ्या रेषेवर असतील तर एक्सचा विस्तार शून्य होतो, त्या भागाकारापासून सांभाळा.

अक्षांश-रेखांश असतील तर एवढ्यानेही आकृती थोडी रुंद दिसते. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटर असतो, पण रेखांशाचा अंश विषुववृत्तापासून दूर जावे तसा आक्रसतो. ६० अक्षांशावर तो निम्मा उरतो. लहान क्षेत्रासाठी रेखांशाला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणणे पुरेसे आहे. कोसाइन काढण्याआधी त्या अक्षांशाच्या अंशांचे रेडियन करायला विसरू नका.

आणखी एक साधे कारण: तीच फाईल दोनदा वाचणे. पहिल्या लूपमध्ये ओळी मोजल्या, दुसऱ्यात बिंदू घ्यायला गेलो, आणि वाचनाची जागा आधीच फाईलच्या शेवटी पोहोचलेली. दुसरा लूप एकदाही फिरत नाही. पायथनमध्ये सीक वापरून सुरुवातीला परत या, किंवा सगळ्या ओळी आधीच यादीत घ्या.

एका फाईलमध्ये अनेक आकृत्या

एक आकृती संपली की एक रिकामी ओळ, मग दुसरी, ही सोय मला आवडते. आलेख काढणारा ग्नूप्लॉट हा प्रोग्रामही रिकाम्या ओळीवर रेघ तोडतो. पण वर मी रिकामी ओळ ओलांडून पुढे जा असे लिहिले आहे. इथे तसे केले तर सगळ्या आकृत्या एकमेकींना जोडल्या जातात आणि एका घराच्या कोपऱ्यातून दुसऱ्या घरात तिरकी रेघ घुसते. अशा फाईलमध्ये रिकामी ओळ दिसली की चालू यादी आकृत्यांच्या यादीत टाका आणि नवी यादी सुरू करा.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, शेवटची आकृती गायब. तिच्यानंतर रिकामी ओळ नसते, म्हणून ती कधी यादीत पडतच नाही. लूप संपल्यावर उरलेली यादी हाताने टाकावी लागते. दुसरी चूक पायथनमधली: चालू यादी मोठ्या यादीत टाकायची आणि लगेच क्लिअरने रिकामी करायची. मोठ्या यादीत तीच यादी आहे, तिची नक्कल नाही, त्यामुळे आधी टाकलेल्या आकृत्याही रिकाम्या होतात. क्लिअर नको, नवी रिकामी यादी बनवा.

पहिल्या बिंदूकडे जाणारी एक जादा रेघ दिसत असेल, टर्टलमध्ये ती मध्यातून निघते, तर पेन उचलायचे राहिले आहे. पेन वर, पहिल्या बिंदूवर जा, पेन खाली. आकृती शेवटी उघडी राहत असेल तर तुम्ही बहुभुज नाही, जोडरेघ काढता आहात. टीकेइंटरचे क्रिएट-पॉलिगॉन स्वतः बंद होते, क्रिएट-लाइन होत नाही. क्रिएट-पॉलिगॉनला रंग सांगितला नाही तर ते आतून काळे भरते आणि कड काढतच नाही, तेव्हा काळा ठोकळा पाहून घाबरू नका. आयताऐवजी मधोमध फुली पडलेली आकृती आली तर बिंदूंचा क्रम चुकला आहे. बिंदू कडेने फिरत लिहायला हवेत.

सी भाषेतला जादा बिंदू

इथे ‘फाईल संपली का’ हे सांगणाऱ्या फेओफवर चालणारा व्हाइल लूप हे जुनेच दुखणे आहे. फाईल संपली हे फेओफला वाचण्याचा प्रयत्न फसल्यावरच कळते. त्यामुळे फाईलच्या शेवटी नवी ओळ असली की लूप एकदा जास्त फिरतो आणि जुनेच आकडे पुन्हा वापरले जातात. भरीव आकृतीत हे दिसत नाही. प्रत्येक ओळीत एक अर्धपारदर्शक आयत असेल तर शेवटचा आयत इतरांपेक्षा गडद येतो, तेव्हा दिसते.

फाईलमधून आकडे वाचणाऱ्या एफस्कॅनएफकडून ईओएफ (फाईल संपल्याची खूण) परत येईपर्यंत वाचत राहणे हाही उपाय नाही. फाईलमध्ये कॉमा आहे आणि साच्यात तुम्ही तो लिहिला नाही, तर एफस्कॅनएफ कॉमापाशी अडते, पुढच्या प्रत्येक वेळी शून्य परत करते, आणि लूप कधीच संपत नाही. परतावा, म्हणजे वाचता आलेल्या आकड्यांची संख्या, बरोबर २ असेल तोपर्यंतच वाचा. डबल प्रकारासाठी साच्यात लाँग-एफ हवा, नुसता एफ लिहिला तर आकडे वाट्टेल ते येतात. लूप थांबल्यावर मग फेओफला विचारा की फाईल संपली म्हणून थांबलो, की मध्येच एखादी ओळ वाचता आली नाही म्हणून. त्याची खरी जागा तिथे, लूपच्या नंतर आहे.